रँग्लर म्हणजे भांडखोर

परांजप्यांच्या नांवामागें लागलेली ‘रँग्लर’ ही पदवी मराठी माणसाच्या इतकी परिचयाची आहे कीं, तो त्यांच्या नांवाचाच एक भाग वाटावा. १८९९ सालीं केंब्रिज येथील गणिताच्या परीक्षेंत रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे यांनी दुसऱ्या एका विद्यार्थ्याच्या बरोबरीनें पहिला क्रमांक मिळविला, आणि हा शब्द आमच्या मध्यमवर्गीय घरांत विद्वत्तेची परिसीमा दाखविणारा म्हणून रूढ झाला. परंतु कोश उघडून पाहावा, तर ‘रँगल’ या काहींशा आडवळणी क्रियापदाचा अर्थ तावातावानें भांडणें असा निघतो! पिळणें, मुरगळणें या अर्थाच्या धातूशीं त्याचें नातें आहे. म्हणजे रँग्लर हा शब्दशः भांडखोरच.

भांडखोराला हा मान कसा मिळाला? जुन्या केंब्रिजमध्यें पदवीसाठीं भर सभेंत वाद करावा लागे. एक विद्यार्थी आपला सिद्धान्त मांडी, इतर प्रतिपक्षी म्हणून त्यावर आक्षेप घेत, आणि ‘मॉडरेटर’ मध्यस्थाचें काम पाही. सर्व व्यवहार लॅटिन भाषेंत चाले. अठराव्या शतकांत लेखी परीक्षेचें महत्त्व वाढलें आणि वाद मागें पडला. नांव मात्र टिकलें. गुणानुक्रमें यादी लावण्याची प्रथा १९०९ नंतर बंद झाली, तरी तेथें गणितांत पहिल्या वर्गांत उत्तीर्ण होणाऱ्यास आजही रँग्लरच म्हणतात.

आमच्या शब्दांचा प्रवास नेमका उलट झाला. न्यायसूत्रांत चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत: तत्त्वनिर्णयासाठीं तो वाद, जिंकण्यासाठीं तो जल्प, आणि स्वतःचा पक्ष न मांडतां केवळ दुसऱ्याचा खोडून काढणें ती वितंडा. यांपैकीं जल्प आम्ही विसरलों, वितंडेचा वितंडवाद केला, आणि वाद हा सर्वांत थोर शब्द भांडणाच्या पंक्तीला नेऊन बसविला. “वाद घालूं नकोस” हें वाक्य कोणत्या घरांत ऐकूं येत नाहीं? त्याचेंच जुळें भावंड “उलट बोलूं नकोस”. केंब्रिजच्या प्रतिपक्ष्याला उलट बोलण्याबद्दल पदवी मिळे. आमच्या मुलांना त्याबद्दल डोळे वटारलेले दिसतात.

याचें फळ आम्ही वर्गांत पाहतों. आमच्या विधानाला एखाद्या मुलीनें हरकत घेतली, तर बाकीचा वर्ग तिच्याकडे पाहूं लागतो, तिच्या मुद्द्याकडे नव्हे. जणुं तिनें मोठी आगळीक केली! उत्तरें पाठ असलेलीं मुलें आम्हांला दरवर्षीं शेंकड्यांनी भेटतात; “हें मला पटत नाहीं, कारण...” असें म्हणणारीं विरळा. त्यांतलें ‘कारण’ महत्त्वाचें. तें नसेल तर तें नुसतें भांडण. तें असेल तर, आवाज थोडा चढला तरी, तो वाद.

परांजप्यांच्या पदवीचा अभिमान आम्ही अवश्य बाळगावा, पण जेवतांना घरांतलें पोर उलट बोललें, तर त्याला गप्प बसविण्याआधीं एकदां “कां?” एवढें विचारून पाहावें.