सीगेन्थॉलर यांचे चरित्र

जॉन सीगेन्थॉलर हे अमेरिकेतील टेनेसी राज्याचे पत्रकार. १९६१ मध्ये ते ॲटर्नी जनरल रॉबर्ट केनेडी यांचे प्रशासकीय सहायक आणि विश्वासातले सल्लागार होते. त्याच वर्षी मॉन्टगोमेरी येथे वर्णभेदविरोधी फ्रीडम रायडर्सवर जमाव तुटून पडला. एका तरुणीला वाचवताना सीगेन्थॉलर डोक्यावर घाव बसून बेशुद्ध पडले.

मे २००५ मध्ये एका निनावी व्यक्तीने विकिपीडियावर त्यांच्याविषयीचा लेख सुरू केला. राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी आणि त्यांचे भाऊ रॉबर्ट यांच्या हत्यांत सीगेन्थॉलर यांचा हात असल्याचा एकेकाळी संशय होता, असे त्यात लिहिले होते. रॉबर्ट यांच्या शवपेटीला खांदा देणाऱ्या माणसाबद्दल हे लिहिले जावे, याहून क्रूर काय असेल! मजकूर चार महिने तसाच राहिला. मध्यंतरी एका संपादकाने त्यातली शुद्धलेखनाची चूक तेवढी दुरुस्त केली. आरोपाला आधार काय, हे विचारले नाही. खरा दोष इथेच आहे. इतर संकेतस्थळांनीही तो मजकूर उचलला.

२९ नोव्हेंबर २००५ रोजी सीगेन्थॉलर यांनी या प्रकाराविषयी ‘यूएसए टुडे’त लेख लिहिला. डिसेंबरात इंग्रजी विकिपीडियाने नोंदणी नसलेल्यांना नवा लेख सुरू करण्यास मनाई केली. पुढे हयात व्यक्तींच्या चरित्रांसाठी स्वतंत्र धोरण आले: संदर्भ नसलेला वादग्रस्त मजकूर चर्चेची वाट न पाहता काढायचा, आणि पुराव्याची जबाबदारी तो घालणाऱ्याची.

तो खोटा मजकूर लिहिणाऱ्याने पुढे कबुली दिली आणि नोकरी सोडली. सीगेन्थॉलर यांनी त्याच्यावर खटला भरला नाही, उलट त्याला पुन्हा कामावर घ्यावे, अशी विनंती मालकाला केली.