चोर दाखव

पस्तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं. त्यातला एक तास मला अजून टोचतो.

दरवर्षी नववीच्या वर्गात मी फ्रँक कोल यांची गोष्ट रंगवून सांगायचो. २ चा ६७ वा घात वजा १, म्हणजे १४७५७३९५२५८९६७६४१२९२७. १६४४ मध्ये मर्सेन यांनी ही एकवीस अंकी संख्या मूळ म्हणून जाहीर केली होती. १९०३ च्या ऑक्टोबरात न्यूयॉर्कच्या एका सभेत कोल फळ्यापाशी गेले, १९३७०७७२१ ला ७६१८३८२५७२८७ ने गुणलं आणि, सांगतात की, चकार शब्द न काढता जागेवर जाऊन बसले. उत्तर तेच एकवीस अंक. सभेत टाळ्या, माझ्या वर्गातही टाळ्या. त्या मला आवडायच्या.

एके वर्षी एका मुलीने हात वर केला. "सर, पण ही संख्या मूळ नाही हे लुकास यांनी १८७६ मध्येच सिद्ध केलं होतं ना? अवयव न सापडता?"

तिने ते कुठेतरी वाचलं होतं. मी नव्हतं.

"चोर दाखव, मग चोरी झाली म्हण," मी म्हणालो. वर्ग हसला. ती खाली बसली. 'मला ठाऊक नाही, बघून सांगतो' एवढं म्हणायला माझं काय जात होतं? पण अवयव हातात नसताना संख्या संयुक्त म्हणणं मला खरोखरच थाप वाटायची.

निवृत्तीनंतर लुकास यांची कसोटी हाती लागली, पुढे लेहमर यांनी सुटसुटीत केलेली. चारपासून सुरुवात. वर्ग करा, २ वजा करा, आपल्या संख्येने भागून बाकी ठेवा, पुन्हा तेच. आधी १२७ घेतली. घात ७, म्हणून पाच फेऱ्या. १४, ६७, ४२, १११ आणि शेवटी शून्य. म्हणजे मूळ. मग २०४७. घात ११, नऊ फेऱ्या. एका ठिकाणी हातचा चुकला, पान फाडून पुन्हा मांडलं. शेवटची बाकी १७३६.

पेन तसंच धरून बसलो. २०४७ मूळ असती तर इथे शून्य यायलाच हवं होतं. आलं नव्हतं. तिला कशाने भाग जातो हे या आख्ख्या पानावर कुठेच नव्हतं, तरी ती मूळ नाही यात तिळमात्र शंका उरली नव्हती. कुलूप तुटलेलं, कपाट सताड उघडं, दागिन्यांचा डबा रिकामा. चोर सापडेपर्यंत तिथे चोरी झालीच नाही असं कोण म्हणतं? इतकी वर्षं मला साधी माझीच उपमा कळली नव्हती. आणि तिच्या जोरावर मी एका पोरीला गप्प बसवलं होतं.

१७३६ च्या खाली २३ × ८९ लिहायला हात शिवशिवत होता. पेनाला टोपण लावलं.