वेताळाची कथा आणि धारवाडचा माळा

हुबळीस उतरणारा मराठी प्रवासी बहुधा सिद्धारूढ मठाची वाट धरतो, आणि पुढे धारवाडास गेलाच तर लाइन बाजारातून पेढ्यांचा पुडा बांधून घेतो. ही दोन्ही कर्तव्ये आम्हीही यथासांग पार पाडली. परंतु या खेपेस आमचे येणे झाले ते एका गोष्टीच्या मागावर. गोष्ट आपल्या घरोघरी ठाऊक असलेली, वेताळपंचविशीतली आहे. देवीच्या देवळात दोन पुरुष आपली मस्तके उतरवितात. देवी प्रसन्न होते. आणि स्त्री घाईगडबडीत याचे शिर त्याच्या धडावर व त्याचे याच्या धडावर बसविते. मग तिचा पती कोणता? ही कथा काश्मिरातल्या सोमदेवाच्या ग्रंथातून निघून जर्मन पंडितांच्या हाती पडली, तेथून अमेरिकेत परागंदा झालेल्या एका थोर कादंबरीकाराकडे गेली आणि अखेर धारवाडच्या एका माळ्यावर येऊन नाटक झाली.

हुबळी (कागदोपत्री २०१४ पासून हुब्बळ्ळी) ते धारवाड हे अंतर जेमतेम वीस किलोमीटरांचे. १९६२ साली दोहोंची महानगरपालिकाही एक झाली. धारवाडात प्रथम लक्ष वेधून घेते ते बासेल मिशन हायस्कूल. बासेल हे स्वित्झर्लंडमधले शहर खरे, पण त्या मिशनचे पुष्कळसे पाद्री जर्मन. त्यांच्यापैकीच फर्डिनांड किटेल याने सुमारे सत्तर हजार शब्दांचा कन्नड-इंग्रजी कोश रचला; तो १८९४ साली मंगळुरास छापला गेला. मोल्सवर्थच्या कोशावर वाढलेल्या आम्हा मराठी मंडळींना किटेलचे मोल वेगळे सांगावयास नको. याच मिशनमधल्या हेर्मान गुंडर्टने मल्याळम कोश रचला, आणि ‘सिद्धार्थ’ (१९२२) लिहिणारा हेर्मान हेस हा त्याच्या मुलीचा मुलगा. १९१४ साली महायुद्ध पेटले तेव्हा इकडे जर्मन माणसांना शत्रू ठरवून अहमदनगरच्या छावणीत कोंडण्यात आले, आणि तिकडे द्वेषाला विरोध करणारा लेख लिहिला म्हणून हेसला त्याच्याच देशबांधवांनी देशद्रोही म्हटले.

गिरीश कार्नाड याच शाळेत शिकले. जन्म माथेरानचा, घरची भाषा कोकणी, बालपण शिरसीचे आणि लेखन कन्नडमधले, असा हा चार ठिकाणचा माणूस. पुढे ते कर्नाटक कॉलेजात गेले. या कॉलेजची इमारत मुळात सदर्न मराठा रेल्वेच्या कचेरीची होती; नावात मराठा आणि मुक्काम धारवाडी!

सुभाष रस्त्यावर मनोहर ग्रंथमालेचा माळा आहे. ‘अट्ट’ या नावाने तो गावात प्रसिद्ध. जी. बी. जोशी यांनी ही प्रकाशनसंस्था १९३३ साली सुरू केली. त्यांच्या जोडीला कीर्तिनाथ कुर्तकोटी यांच्यासारखा मर्मज्ञ टीकाकार होता. १९६१ साली एका नवख्या तरुणाचे ‘ययाति’ येथूनच निघाले, त्यानंतर ‘तुघलक’ आणि १९७१ साली ‘हयवदन’. तो माळा पाहून आम्हाला नवल वाटले. एवढ्याशा जागेत एवढे साहित्य कसे मावले असेल!

‘हयवदना’चे मूळ शोधू गेले की आपण थेट हिटलरच्या काळात जाऊन पोहोचतो. १९३३ च्या फेब्रुवारीत टोमास मान व्याख्यानांसाठी जर्मनीबाहेर गेला आणि परतलाच नाही. नोबेल पारितोषिकाचा हा मानकरी. १९३६ साली त्याचे नागरिकत्व काढून घेण्यात आले. हाइन्रिख झिमर या भारतविद्येच्या पंडिताची गतही तशीच झाली. त्याची पत्नी ज्यू रक्ताची, म्हणून हायडेलबर्ग विद्यापीठातली त्याची जागा १९३८ मध्ये गेली. या झिमरच्या लेखनातून मानला ही वेताळकथा मिळाली. १९४० साली, हिटलरच्या फौजा पॅरिसमध्ये शिरल्या त्या वर्षी, मानने तिची दीर्घकथा केली. आणि जर्मन भाषेतले ते पुस्तक जर्मनीत नव्हे, स्टॉकहोममध्ये छापावे लागले.

कित्येक समीक्षक या कथेला मोठ्या लेखकाचा विरंगुळा समजतात. आम्हाला हे पटत नाही. रक्त आणि देह हेच माणसाचे सर्वस्व, असा डंका ज्या वर्षी पिटला जात होता, त्याच वर्षी मानने माणसाचे ‘आपलेपण’ कशात असते हा प्रश्न खेळीमेळीने विचारला. सोमदेवाच्या कथेत दुसरा पुरुष स्त्रीचा भाऊ होता. त्यामुळे विक्रमाचे उत्तर सोपे झाले : शिर श्रेष्ठ, म्हणून ज्याचे शिर पतीचे तो पती. मानने भावाच्या जागी मित्र आणला आणि सोपेपणा संपला. त्याच्या कथेत शिर हळूहळू धडाला आपल्यासारखे करून घेते. सशक्त देह बुद्धिमंताच्या शिराखाली मऊ पडतो. कार्नाडांनी ही कथा ब. व. कारंतांना सांगितली ती चित्रपटासाठी. तिचे नाटक कर, असे कारंतांनीच सुचविले. मग त्यात यक्षगानाचा भागवत आला, बोलक्या बाहुल्या आल्या आणि घोड्याच्या तोंडाचा हयवदन आला. हा हयवदन कार्नाडांचा स्वतःचा. पूर्ण माणूस व्हावे म्हणून तो देवीपाशी जातो आणि पूर्ण घोडा होऊन परततो.

मराठीत ‘हयवदन’ आणले चिं. त्र्यं. खानोलकरांनी, दिग्दर्शन विजया मेहतांचे. याच जोडीने ब्रेख्तचे खडूच्या वर्तुळाचे नाटक ‘अजब न्याय वर्तुळाचा’ म्हणून मराठीत उभे केले. त्यासाठी वायमारचे फ्रिट्झ बेनेविट्झ मुंबईस आले होते. ब्रेख्तही परागंदाच. पुढे १९७८ साली पु. लं.नी त्याचा ‘तीन पैशाचा तमाशा’ केला, तो तर वाचकांना ठाऊकच आहे. १९८४ साली विजयाबाईंनी वायमारच्या राष्ट्रीय रंगभूमीवर जर्मन नटांकडून जर्मन भाषेत ‘हयवदन’ करविले. गटेचे गाव ते. आणि त्याच्याच वेशीबाहेर बुखेनवाल्डची छळछावणी. जर्मनीतून हाकललेल्या लेखकाची गोष्ट धारवाडी वेष लेवून एका मराठी बाईच्या हाताने तेथे पोहोचली. पाच वर्षांनी बर्लिनची भिंत पडली.

सायंकाळी साधनकेरीस गेलो. तळ्याच्या काठी द. रा. बेंद्र्यांचे घर आहे. त्यांची मातृभाषा मराठी, काव्य कन्नड. ज्ञानपीठ मिळाले तेही कन्नड काव्याला. त्यांचे शिर कोणते आणि धड कोणते, हे वेताळाने विचारले असते तर विक्रमाला क्षणभर थांबावेच लागले असते. परमुलखात तीन-तीन पिढ्या काढलेल्या आपल्या घरांतूनही हा प्रश्न मुलांच्या शाळेच्या वेळी आणि लग्नाच्या वेळी हटकून उठतो. ‘नरबलि’ या कवितेपायी बेंद्र्यांना इंग्रजी अमलात हिंडलग्याच्या तुरुंगात जावे लागले होते.

याच गावच्या कल्याणनगरात ३० ऑगस्ट २०१५ रोजी सकाळी संशोधक म. म. कलबुर्गी यांना त्यांच्या घरी गोळ्या घालण्यात आल्या. त्या हत्येच्या निषेधार्थ बोलणाऱ्यांत कार्नाड होते. १० जून २०१९ रोजी तेही गेले. ‘हयवदन’ मात्र अजून विकत मिळते. आम्ही कन्नड प्रत घेतली, आणि मराठी प्रतीसाठी पुण्यास पत्र घातले आहे.