गुरूच कशावरनं?

बेंगळुरूहून रात्रीच्या बसनं बेळगाव, तिथून सकाळी निपाणीची गाडी. संकेश्वर मागं पडलं की तवंदीचा घाट लागतो आणि घाट उतरताना तंबाखूचा वास येतो. लहानपणी हा वास आला की आम्ही सीटखाली चपला शोधायला लागायचो. दुकानांच्या पाट्या कन्नडमध्ये, आतला व्यवहार मराठीत आणि हिशेबात घोळ झाला तर भांडण दोन्ही भाषांत, ही आमची निपाणी.

या संक्रांतीला माझ्या पिशवीत तिळगुळाबरोबर तांब्याची तार, केबल आणि लॅपटॉपला जोडायचं रेडिओचं एक छोटं डोंगल होतं. मला गुरू ऐकायचा होता. हो, ऐकायचाच! गुरू ग्रहावरून रेडिओलहरी येतात आणि साधारण २० मेगाहर्ट्झवर त्या साध्या तारेच्या अँटेनावरही पकडता येतात. नासाचा 'रेडिओ जोव्ह' हा उपक्रम १९९८ पासून शाळकरी मुलांना आणि हौशी मंडळींना हेच शिकवतो. आमच्या फ्लॅटमध्ये मात्र ते जमत नाही. लिफ्ट, एलईडी दिवे, चार्जर, शेजाऱ्यांचे इन्व्हर्टर या सगळ्यांची खरखर इतकी असते की त्यात गुरूचा आवाज कुठला सापडायला! त्यासाठी गावाकडचं मोकळं रानच हवं.

काकांनी सोयाबीन निघालेला तुकडा दिला. चार बांबू उभे केले. सुमारे सात-सात मीटरच्या दोन तारा पूर्व-पश्चिम ताणल्या, मध्ये सहा मीटर अंतर. शेजारच्या रानातले कन्नड बोलणारे अण्णा बांबू धरायला आले. मी आकाशाकडं बोट करून 'गुरू' म्हणालो, तेवढ्यावर त्यांना कळलं. गुरू आणि सूर्य हे शब्द दोन्ही भाषांत तेच आहेत.

रात्री गुरू रोहिणीजवळ, जवळजवळ डोक्यावर होता. काका, चुलतभावाची नववीतली मुलगी आणि मी लॅपटॉपभोवती घोंगडी पांघरून बसलो. दहा वाजून चाळीस मिनिटांनी स्पीकरमधून आवाज आला. पत्र्यावर मूठभर जोंधळे टाकावेत तसा तडतड तडतड. गुरूच्या एका प्रकारच्या लहरींचा आवाज असाच असतो, हे मी वाचलं होतं. मी उडालोच. मोबाईलवर क्लिप घेतली, घरच्या ग्रुपसाठी 'आम्ही गुरू ऐकला!' असं लिहिलंसुद्धा.

काका शांतपणे म्हणाले, "आरं, पर ह्यो गुरूच कशावरनं?"

मी तोंड उघडलं आणि मिटलं. क्लिप तशीच राहिली.

मग मी त्या दोघांना १९५५ ची गोष्ट सांगितली. अमेरिकेत मेरीलँडमधल्या एका शेतात बर्नार्ड बर्क आणि केनेथ फ्रँकलिन यांची मोठी अँटेना होती. त्यांना वेगळ्याच गोष्टीचा अभ्यास करायचा होता, पण आलेखात मध्येच खरखर यायची. एखाद्या गाडीच्या इंजिनाची ठिणगी असेल, असं त्यांना वाटलं. पण आठवडे गेले तसं दिसलं, की ही खरखर घड्याळाप्रमाणं येत नाही, ताऱ्यांप्रमाणं येते. तारे रोज सुमारे चार मिनिटं लवकर उगवतात, तशीच तीही लवकर येत होती. तिची आकाशातली जागा तपासली, तर तिथं गुरू होता. पुढं १९६४ मध्ये कळलं, की गुरूचा आयो हा चंद्र ठरावीक जागी असताना या लहरी जास्त येतात. म्हणून आता कधी ऐकायला बसायचं याचा अंदाज आधी बांधता येतो.

"म्हंजे माणसाचं घड्याळ येगळं आन् आभाळाचं येगळं," काका म्हणाले. त्यांनी पोरीला जुनी वही दिली. "लिव्ह. किती वाजता, काय ऐकलं, लाईट हुती का न्हाई."

दुसऱ्या रात्री बरोबर दहा चाळीसला तीच तडतड! गुरू स्वतःभोवती दहा तासांहून थोड्या कमी वेळात फिरतो. चोवीस तासांनी त्याची तीच बाजू आपल्याकडं नसते. मग आवाज मिनिटाला मिनिट तोच कसा? सकाळी अण्णांना विचारलं. शेतीची लाईट त्याच वेळेला येते आणि ते लगेच मोटार सुरू करतात. आमचा गुरू म्हणजे अण्णांच्या विहिरीवरचा स्टार्टर होता! ती क्लिप पाठवली असती, तर ग्रुपवर पन्नास अंगठे आले असते आणि सगळे खोटे.

सूर्यानं मात्र निराश केलं नाही. तिसऱ्या दिवशी भर दुपारी लाईट गेलेली, मोटारी बंद, रान चिडीचूप. अचानक स्पीकरमधला सूं आवाज फुगला, आलेख काही सेकंदांत उभा चढला आणि मग हळूहळू उतरला. या वेळी आम्ही कुणालाच काही कळवलं नाही, आधी पडताळलं. गौरीबिदनूर हे आपल्या कर्नाटकातलंच, बेंगळुरूजवळचं. तिथल्या वेधशाळेत सूर्याच्या रेडिओलहरींची नोंद होते आणि कॅलिस्टो नावाच्या जागतिक जाळ्यातले आलेख कुणालाही पाहता येतात. आमच्या वहीतलं मिनिट आणि तिथल्या आलेखातली रेघ जुळली. पोरगी रानातच नाचली.

१९४२ मध्ये ब्रिटिश सैन्याची रडार बंद पाडणारी अशीच खरखर आली होती. शत्रूचा डाव असेल अशी शंका होती. जे. एस. हे यांनी दिशा तपासली, तर आवाज सूर्याकडून येत होता. त्यांनी शत्रू समजला तो सूर्य निघाला, बर्क-फ्रँकलिननी गाडी समजली तो गुरू निघाला. आम्ही गुरू समजलो तो स्टार्टर. चूक सगळ्यांचीच झाली. फरक एवढाच, की त्यांनी आधी शंका घेतली. मला ती घ्यायला काकांनी शिकवलं.

आपल्याकडचं मोठं कामही सूर्यापासूनच सुरू झालं. गोविंद स्वरूप यांनी १९६५ मध्ये कल्याणला ३२ छोट्या तबकड्या मांडून सूर्याचा वेध घेतला होता. पुढं नारायणगावजवळ खोडदला ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची जीएमआरटी उभी राहिली. वर खोडद, खाली गौरीबिदनूर आणि मध्ये आमचे चार बांबू!

निघताना जुना लॅपटॉप गावीच ठेवला. फेब्रुवारीभर पोरीनं वही भरली. बहुतेक नोंदींपुढं तिनं स्वतःच लिहिलंय : मोटार, वीज, मोटरसायकल. दोन नोंदी मात्र उरल्या. दोन्ही पहाटेच्या आधीच्या, लाईट नसतानाच्या, समुद्राच्या लाटांसारख्या आवाजाच्या. गुरू तेव्हा मावळून गेला होता, हे तिनंच गणित करून मला फोनवर सांगितलं.

त्यांच्यापुढं अजून प्रश्नचिन्ह आहे. गुरू अजून ऐकायचाय. पुढच्या संक्रांतीला पुन्हा तवंदीचा घाट उतरायचाय.