नाव नसलेले चेहरे

डिस्क बदलून संगणक घरी आला आणि सगळे फोटो मी डिजिकॅम या फोटो सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये नव्याने घेतले. सुरुवातीला फोल्डर चाळायला त्याला बराच वेळ लागला. नंतर मात्र फोटो सरसर सरकू लागले. प्रत्येक फोटोची छोटी प्रतिमा तो एकदाच बनवून डेटाबेसमध्ये ठेवतो, त्यामुळे मूळ फाइल दरवेळी उघडावी लागत नाही. टॅग मूळ फाइलच्या आतही लिहिता येतात. ती सोय मी सर्वांत आधी सुरू केली. उद्या हे सॉफ्टवेअर नसलं तरी नावं फोटोसोबत राहायला हवीत.

मग चेहरे शोधायला लावले. आजीच्या पंचाहत्तरीचे स्कॅन केलेले फोटो, आणि पडद्यावर चेहऱ्यांचे चौकोनच चौकोन. एक बाई, नाकात ठसठशीत नथ, पदर खोचलेला, हातात आमटीची बादली. जवळजवळ प्रत्येक पंगतीत ती वाढते आहे. आई असती तर तिने चटकन नाव सांगितलं असतं. डिजिकॅम चेहरा ओळखतो, पण आधी काही फोटोंवर नाव आपल्यालाच घालावं लागतं. त्या चौकोनापाशी मी कितीतरी वेळ थांबले. काही लिहिलं नाही, पुसवलंही नाही. कुणाच्या तरी घरी तिचा हाच चेहरा रोज आठवत असेल, असं वाटत राहिलं.

मावशीला अजून चांगलं आठवतं. रविवारी लॅपटॉप घेऊन तिच्याकडे जाणार आहे. तुमच्याकडेही असं कुणी असेल, तर त्यांच्याशेजारी बसा आणि नावं आत्ताच लिहून घ्या.