पेनड्राईव्हवरून 'टाकून दे' म्हणण्याआधी

आपल्याकडे सॉफ्टवेअर कुणी विकत घेत नाही, 'टाकून' घेतात. कॉम्प्युटरवाला पोरगा येतो, पेनड्राईव्ह लावतो, अँटिव्हायरस बंद करतो, क्रॅक मारतो, पैसे घेऊन जातो. मग त्याच मशीनवर पतसंस्थेचे हिशेब, शाळेचे दाखले, लोकांची आधार कार्डं. हे सॉफ्टवेअर आलं कुठून, असं कुणीच विचारत नाही.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला. जुन्या मशीनचं काय करायचं म्हणून हलक्याफुलक्या लिनक्सबद्दल वाचू लागलो. त्यात अल्पाईन लिनक्स भेटलं. त्याची सर्व्हरवाले वापरतात ती सगळ्यात छोटी प्रत दहा एमबीच्याही आत बसते. म्हणजे मोबाईलवरचे दोन-तीन फोटो! बाकी जे लागेल ते आपण मागून घ्यायचं.

मागायचं कुठून? रिपॉझिटरीतून. म्हणजे एक सामायिक कोठार. 'एपीके' नावाचा प्रोग्राम तिथून पॅकेज आणतो, त्यावरची डिजिटल सही तपासतो, सोबत लागणारं सामानही आणतो. तुम्ही स्वतः काय मागितलं, याची यादी 'वर्ल्ड' नावाच्या एका साध्या फाईलमध्ये राहते. यादीतलं नाव काढलं की त्याच्यासोबत आलेलं आणि आता कुणालाच नको असलेलं सामानही जातं. कोठाराचे भागही वेगळे: 'मेन'मधल्या पॅकेजना साधारण दोन वर्षं सुरक्षा दुरुस्त्या मिळतात, 'कम्युनिटी'मधल्यांना पुढची आवृत्ती येईपर्यंत. जबाबदारी किती दिवसांची, ते आधीच सांगितलेलं.

पण सही म्हणजे सगळं आलं का? नाही. एक्सझेड नावाची फाईल दाबून लहान करणारी एक लायब्ररी आहे. ती मुख्यतः एकच माणूस फुकटात सांभाळत होता, तोही थकलेला. 'जिया तान' हे नाव लावून कुणीतरी मदतीला आलं, दोनेक वर्षं नीट काम करून विश्वास कमावला आणि २०२४ च्या सुरुवातीला त्यात चोरदरवाजा बसवला. डेबियन आणि फेडोराच्या चाचणी आवृत्त्यांपर्यंत तो पोहोचलाही, अगदी रीतसर मार्गाने. आंद्रेस फ्रॉइंड या इंजिनिअरला लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय हे खटकलं, म्हणून २९ मार्च २०२४ ला प्रकरण उघड झालं.

सही सांगते माल कुठून आला. देणाऱ्याच्या मनात काय आहे, ते सही सांगत नाही.

यातली खरी गंमत पुढे आहे. लॉगिन सांभाळणाऱ्या एसएसएच सर्व्हरला एक्सझेडची गरजच नव्हती. त्या लिनक्सवाल्यांनी सोयीसाठी तो सिस्टमडीच्या लायब्ररीला जोडला, आणि तिच्यामागून एक्सझेड घरात शिरलं. अल्पाईनमध्ये सिस्टमडी नाहीच, त्यामुळे ती वाटही नव्हती. कमी सामान म्हणजे कमी दारं, एवढा साधा हिशेब.

उद्यापासून सगळ्यांनी अल्पाईन टाका, असं मी म्हणत नाही. आपल्या डीटीपीवाल्याचं काम त्यावर भागणार नाही. पण त्या 'वर्ल्ड' फाईलसारखी यादी तरी करू या. ग्रामपंचायत, शाळा, पतसंस्था, जिथे लोकांची कागदपत्रं जातात, त्या प्रत्येक मशीनशेजारी एक कागद लावा: यात काय काय टाकलंय, कुठून आणलं, अपडेट कोण करतं.

एक पैसा खर्च नाही. पुढच्या ग्रामसभेत, पालकसभेत एवढं विचाराच. उत्तर मिळालं नाही, तर तीच बातमी आहे.