खुंट्याला दुसरा हात

जात्यावर बसलं की ओवी सुचते, ही म्हण सावित्रीबाई फुल्यांना लागू पडते का? या प्रश्नाचं उत्तर मिळून कुणाचं काही अडलेलं सुटणार नाही, पण तो मनातून जात नाही.

एरवी ही म्हण आपण धीर द्यायला वापरतो. कुणी नव्या नोकरीला बिचकलं, कुणाला चार माणसांत बोलायचं असलं, की घरातलं वडीलधारं माणूस म्हणतं, बस तर खरी जात्यावर, सुचेल ओवी. त्यात ना जातं असतं ना ओवी. मला मात्र ती जशीच्या तशी घ्यावीशी वाटते. खरंच, जात्यावर बसल्यावर ओवी का सुचत असेल? दगडाच्या घरघरीमुळे? हाताला ताल मिळतो म्हणून? की पहाटेच्या त्या वेळी पुरुष झोपलेले असतात, सासू अजून उठलेली नसते, आणि दिवसभरात बाईचा आवाज तेवढाच एकदा मोकळा सुटू शकतो म्हणून? म्हण यातलं काहीच सांगत नाही. काम समोर आलं की गाणं आपसूक येतं, एवढंच तिचं म्हणणं. बाईला काही म्हणायचं होतं, ते तिनं आधीपासून मनात धरलं होतं, ही शक्यता म्हणीनं विचारातच घेतलेली नाही. गाण्याचं श्रेय दगडाला देऊन ती मोकळी होते.

माझी आजी खटाव तालुक्यातली. जोतिराव फुल्यांचं घराणं मूळचं ज्या कटगुणचं, ते त्याच तालुक्यात. तेव्हा त्यांचं आडनाव गोऱ्हे होतं. आजीला ओवी म्हणायचा आग्रह केला की ती गप्प बसायची. "येकटीला न्हाय सुचत बाई. उचलाया समोर कुनीतरी लागतं," म्हणायची. थोरली आत्या माहेरपणाला आली की मात्र दोघी भिंतीला टेकून बसायच्या. जातं कधीच परड्यात टाकलेलं, दाणा वैरायचा नव्हता, हात रिकामे, तरी ओव्या सुरू व्हायच्या. एकीनं एक ओळ म्हणायची, दुसरीनं ती उचलून पुढे न्यायची. आधी देवांच्या, मग भावाच्या, मग सीतेच्या. सीतेच्या ओव्या आल्या की त्या बराच वेळ तिथंच राहायच्या.

तेव्हापासून वाटत आलंय की म्हण खोटी नाही, पण अर्धी आहे. मोठं दळण असलं की जात्याच्या खुंट्याला दोन हात असायचे. ओवी दगडापेक्षा त्या समोरच्या हातामुळे सुचत असावी. मग सावित्रीबाईंच्या समोर कोण होतं?

सातारा जिल्ह्यातलं, खंडाळा तालुक्यातलं नायगाव. तिथं खंडोजी नेवसे पाटलांच्या घरी ३ जानेवारी १८३१ रोजी त्यांचा जन्म झाला. १८४० साली, नवव्या वर्षी लग्न होऊन त्या पुण्याला गेल्या. त्या काळी जातं नाही असं घर नव्हतं, तेव्हा नायगावच्या पहाटेच्या ओव्या त्या पोरीच्या कानांवरून गेल्याच असणार. अक्षरओळख पुढे जोतिरावांनी करून दिली. १८४८ मध्ये भिडे वाड्यात मुलींची शाळा सुरू झाली, आणि १८५४ मध्ये त्यांचा 'काव्यफुले' हा संग्रह छापून आला. कविता एकेचाळीस, कवयित्रीचं वय तेवीस. त्यात पिवळा चाफा आहे, जाईची कळी आहे, शूद्रांचं दुखणं आहे, इंग्रजी शिक्षणाचा पुकारा आहे. 'मातीची ओवी' नावाचीही एक कविता आहे. त्या नावापाशी मी नेहमी अडते. पुण्यात शाळा चालवणारी, छापखान्याकडे कविता पाठवणारी बाई नायगावची ओवी मागे सोडून आली नव्हती, असं मानायला मला आवडतं.

आणि तरी ही ओवी जात्यावरच्या ओवीसारखी नाही. हिच्यावर नाव आहे. जात्यावरची ओवी कुणाची, असं कुणी विचारत नसे. गेल्या शतकाच्या उत्तरार्धात हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी गावोगाव फिरून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, तेव्हा कुठे गाणारणींची नावं ओव्यांच्या शेजारी नोंदली गेली. सावित्रीबाईंनी मात्र तेविसाव्या वर्षीच पुस्तकावर आपलं नाव घातलं. पुढच्याच वर्षी, १८५५ मध्ये, फुल्यांच्या शाळेतल्या चौदा वर्षांच्या मुक्ता साळवेचा मांग-महारांच्या दुःखावरचा निबंध 'ज्ञानोदया'त तिच्या नावानिशी आला. बाईनं शिकवलं, मुलीनं लिहिलं. समोरचा हात शोधायचा तर मला पहिल्यांदा ही मुक्ताच दिसते.

जोतिराव तर होतेच. आईवेगळ्या जोतिरावांना ज्यांनी वाढवलं त्या सगुणाबाई क्षीरसागर, घरातल्या आऊ, होत्या. सासऱ्यांच्या घरातून बाहेर पडावं लागलं तेव्हा आसरा देणारे उस्मान शेख होते, आणि फातिमा शेख होत्या. १८५६ च्या ऑक्टोबरात सावित्रीबाई आजारी पडून नायगावला माहेरी गेल्या. तिथून त्यांनी जोतिरावांना पत्र लिहिलं. भाऊ म्हणत होता की तुम्ही नवराबायको महारामांगांसाठी काम करता, कुळाला बट्टा लावता. सावित्रीबाईंनी त्याला तिथल्या तिथं सडेतोड उत्तर दिलं, आणि तेही पत्रात कळवलं. त्याच पत्रात फातिमाची काळजी आहे. आपल्या माघारी सगळा भार तिच्यावर पडला असेल, पण ती कुरकुर करायची नाही, अशा अर्थाचं. दोघी मिळून ओढायचं जातं एकीवर टाकून आलेल्या बाईचं मन त्या एका वाक्यात दिसतं.

'काव्यफुले'त एक संवादरूप पद्यही आहे. त्यात सावित्रीबाई बोलतात, जोतिराव बोलतात, इतर बायका बोलतात. उचलायला समोर कुणीतरी लागतं, हे आजीचं म्हणणं तिथं छापील पानावर मांडलेलं आहे.

सीतेच्या ओव्यांचा उल्लेख केला आणि मन मिरजेकडे गेलं. मिरज आज सांगली जिल्ह्यात. सांगली जिल्ह्याचा मोठा भाग १९४९ पर्यंत सातारा जिल्ह्यातच होता. नंतर दक्षिण सातारा झाला आणि १९६० मध्ये सांगली हे नाव आलं. या मिरजेत सतराव्या शतकात समर्थ रामदासांची शिष्या वेणाबाई राहत होती. बालविधवा, ग्रंथ वाचणारी, प्रश्न विचारणारी. लोकांनी तिच्या नावाला काळिमा लावला आणि माहेरच्यांनी तिला विष दिलं, त्यातून ती वाचली, अशी कथा परंपरेत सांगतात. पुढे ती मिरजेच्या मठाची प्रमुख झाली. उभं राहून कीर्तन करायची मुभा तिला होती. तिची समाधी सज्जनगडावर आहे, साताऱ्यापासून जवळच. आणि तिनं लिहिलं काय, तर 'सीतास्वयंवर', तेही ओवीत.

मिरजेपासून सांगली ती किती लांब! तिथं १८४३ साली चिंतामणराव पटवर्धनांच्या दरबारी विष्णुदास भाव्यांनी नाटक केलं, त्याचंही नाव 'सीतास्वयंवर'. मराठी नाटकाचा आरंभ आपण तिथून धरतो. ५ नोव्हेंबरला रंगभूमी दिन साजरा होतो, सांगलीत भाव्यांच्या नावाचं नाट्यगृह आहे, त्यांच्या नावाचं गौरवपदक मोठ्या मानाचं आहे. हे सगळं योग्यच आहे. पण जवळच्याच गावात दोनशे वर्षांआधी एका विधवेनं तोच प्रसंग मराठीत रचला होता, याची आठवण त्या दिवशी कुणाच्या भाषणात माझ्या तरी कानावर आलेली नाही. सीतेचं लग्न जात्यावरच्या बायकांनी गायलं, वेणाबाईनं लिहिलं, आणि सांगलीच्या रंगमंचावर सीता उभी राहिली ती पुरुषानं लुगडं नेसून. त्या साली सावित्रीबाई बारा वर्षांच्या होत्या.

वेणाबाई आणि सावित्रीबाई यांना एका ओळीत बसवताना हात आखडतो. जोतिरावांनी रामदासांवर कठोर टीका केलेली आहे. ज्या धर्मव्यवस्थेच्या आधारानं मिरजेचा मठ उभा राहिला, तिच्याविरुद्धच सावित्रीबाईंची कविता उभी आहे. एकीला लिहिण्यासाठी संसाराबाहेर पडावं लागलं, दुसरीनं संसारात राहून लिहिलं. दोघींना सख्या म्हणणं ही माझी हौस झाली.

तरी एक जागा अशी आहे जिथं त्या मला समोरासमोर दिसतात. १८६३ मध्ये फुले दांपत्यानं पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केलं. ज्यांचं वाकडं पाऊल पडलं असं घरचे म्हणत, ज्यांना विहीर किंवा विष एवढंच उरलेलं असे, त्या विधवा तिथं येत. काशीबाई नावाच्या अशाच एका विधवेचा मुलगा, यशवंत, सावित्रीबाईंनी आपला केला. तो पुढे डॉक्टर झाला. वेणाबाईच्या कथेतल्या त्या विषाच्या पेल्याला सावित्रीबाईंनी दिलेलं हे उत्तर आहे, असं मला वाटतं. मात्र ते कवितेत दिलेलं नाही. त्यांनी घराचं दार उघडलं.

इथं म्हण पुन्हा आडवी येते. १८५४ नंतर सावित्रीबाई जात्यावरून उठल्याच नाहीत. शाळा, विधवांचं घर, १८७३ मध्ये सत्यशोधक समाज, १८७७ चा दुष्काळ आणि त्या काळात जुन्नरकडून लिहिलेलं पत्र. काम वाढतच गेलं. म्हणीच्या हिशेबानं ओव्यांचा पूर यायला हवा होता. पण पुढचा काव्यग्रंथ, 'बावनकशी सुबोध रत्नाकर', आला तो २८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतिराव गेल्यानंतर. मधे जवळजवळ चार दशकं. त्या वर्षांत सुचलं नाही, की सुचलेलं कागदावर उतरवायला सवड नव्हती? की दळण एवढं होतं की गाणं त्या पिठातच गेलं? आणि समोरचा हात असला तर ओवी सुचते, हे माझं म्हणणं तरी कुठे टिकतं? त्यांनी बावन्न कडव्यांत जोतिरावांचं चरित्र गायलं, तेव्हा खुंट्याला समोर कुणीच नव्हतं. हात सुटल्यावरच ओवी आली. की सुटलेला हात मनातून सुटतच नाही, आणि अशी ओवी त्यालाच उद्देशून असते? आजी असती तर तिला विचारलं असतं. आत्या गेल्यावर ती पुन्हा कधी गायली नाही, एवढं मला माहीत आहे. सावित्रीबाईंनी मात्र गायलं. दोन्ही खरं आहे, आणि मला त्यातून एक नियम काढता येत नाही.

सावित्रीबाईंच्या कविता कवितेसारख्या वाचल्या जात नाहीत, हे मात्र मी ठामपणे म्हणेन. ३ जानेवारीला त्यांच्या तसबिरीला हार पडतो, पहिल्या शिक्षिका म्हणून गौरव होतो, आणि कवितेची एखादी ओळ फलकावर घोषणेसारखी लिहिली जाते. जाईच्या कळीकडे निरखून पाहणारी ती तेवीस वर्षांची मुलगी त्या गौरवात कुठे नसते. मा. गो. माळी यांनी संपादित केलेलं त्यांचं समग्र वाङ्मय महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळानं १९८८ मध्ये प्रसिद्ध केलं आहे. सातारा-सांगलीकडच्या शाळांतल्या शिक्षकांना माझी विनंती आहे: येत्या जयंतीला भाषणं थोडी आवरती घ्या, त्यातलं ते संवाद पद्य काढा, आणि वर्गातल्या मुलींना त्यातली एकेक भूमिका वाटून देऊन ते मोठ्यानं वाचून घ्या.